कानसेनांचा कौल

माझ्या सासऱ्यांना धरणावर सगळे कानसेन म्हणायचे. खरं नाव विचारलंत तर निम्म्या वसाहतीला सांगता येणार नाही. हे नाव त्यांनी कष्टाने कमावलं होतं, फुकट मिळालं नव्हतं. पण एकदा लोकांनी चढवलेलं नाव उतरवायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलं नाही.

मी त्याच वीजघरात क्रेन चालवते. यंत्रांच्या हॉलमध्ये छताखाली रुळांवर सरकणारी एक काचेची खोली आहे. तिच्यात बसून मी खाली लोंबणारा हूक हलवते. बाईमाणूस एवढी अवजड यंत्रं उचलणार म्हटल्यावर सुरुवातीला बऱ्याच जणांच्या पोटात दुखलं. आता दुखत नसावं, आणि दुखत असलं तरी वर ऐकू येत नाही. वर नुसतं दिसतं. कुणाचं टक्कल वाढलंय, कोण घाम गाळतोय आणि कोण पाना हातात धरून शोभेला उभा आहे, सगळं दिसतं. पुढचं सगळं मी असंच वरून पाहिलेलं आहे. नाहीतर घरातली लाज चव्हाट्यावर मांडायची मला हौस नाही.

धरण जुनं, दगडी. सासऱ्यांच्या वडिलांनी याच भिंतीसाठी डोक्यावर दगड वाहिले. नदी आधी एका अंगाने वळवली, मग दुसऱ्या, आणि शेवटी अडवली, तेव्हा ज्यांनी भिंत बांधली त्यांचंच गाव पाण्याखाली गेलं. माणसं चढावर येऊन राहिली, तीच ही वसाहत. मग समुद्रापलीकडून मोठमोठ्या लाकडी पेट्यांतून तीन यंत्रं आली. लोकांनी त्यांना घरातल्या लेकींसारखी नावं दिली, थोरली, मधली आणि धाकटी. वीज सुरू झाली ती थेट दूरच्या शहरातल्या गिरण्यांकडे. तारा आमच्या छपरांवरून जायच्या आणि छपरांखाली कंदील. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याकडे बरीच वर्षं होता. वसाहतीत बटण दाबून दिवा लागला तेव्हा सासरे वीजघरात चिंधीने तेल पुसायच्या कामावर लागलेही होते.

तेल पुसता पुसता ते तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीच्या नजरेत भरले. मिस्त्रीकडे एक काठी होती. कठीण लाकडाची, हातभर, एका टोकाला गोल बोंड. तिला कानकाठी म्हणायचे. एक टोक यंत्राच्या बेअरिंगवर टेकवायचं आणि बोंड कानाशी दाबून धरायचं, म्हणजे यंत्राच्या पोटात काय चाललंय ते ऐकू येतं. कुठे घासतंय, कुठे सैल झालंय, सगळं. आमच्या वीजघराचा रिवाज असा, की दुरुस्तीनंतर यंत्र पहिल्यांदा हळू फिरवायचं, कानकाठीवाल्याने ऐकायचं आणि त्याने कौल दिल्याशिवाय वेग वाढवायचा नाही. तो कौलसुद्धा तोंडाने द्यायचा नसतो. पाण्याच्या आणि लोखंडाच्या घोंगाटात तिथे कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून हॉलची सगळी भाषा हातांची. मूठ वर केली की थांब. बोट वर करून फिरवलं की उचल. पंजा खाली दाबला की सोड. आणि एका तळव्यावरून दुसरा तळवा पुसल्यासारखा फिरवला की साफ. मी क्रेनवर बसते, माझं पोट याच भाषेवर चालतं.

मिस्त्री गेला आणि काठी सासऱ्यांकडे आली. काही वर्षांनी मधली नीट चालू असताना त्यांनी एके दिवशी मूठ वर केली. तेव्हाचे साहेब चिडले, सगळे काटे जागेवर आहेत म्हणाले. सासरे मूठ खाली घेईनात. यंत्र उघडलं तर आतल्या चाकाचा एक बोल्ट निम्मा बाहेर आलेला. तो सुटला असता तर वीजघराच्या चिंधड्या झाल्या असत्या. त्या दिवसापासून ते कानसेन. निवृत्त झाले तरी यंत्र उघडलं की त्यांना बोलावणं यायचं, आणि ते धुतलेला सदरा घालून, काठी काखेत मारून, लग्नाला निघाल्यासारखे निघायचे.

आता खरी गोष्ट. त्यांना ऐकू येत नव्हतं.

जन्मभर त्या घोंगाटात काढलेल्या माणसाचं काय होणार? पण हे कबूल करायचं कुणी? घरात रेडिओ इतका मोठा की शेजारीण बातम्या आमच्याच रेडिओवर ऐकायची, तेही भिंतीला कान न लावता. मी जेवायला हाक मारली की गेट बंद आहे का म्हणून विचारायचे. वर पुन्हा आम्हालाच शिकवायचे की आजकालची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. नवऱ्याने कानात घालायचं यंत्र आणून दिलं तर त्यांनी ते जुन्या स्क्रूंच्या डब्यात टाकलं आणि आठवडाभर त्याच्याशी अबोला धरला. माझा आवाज मुळातच मोठा, सासूबाई असताना म्हणायच्या की हिला सायरनच्या जागी ठेवा. त्यामुळे घरात निरोप पोचवायचं काम माझ्याकडे आलं. बाहेर मात्र आम्ही तिघंही गप्प. झाकली मूठ सव्वा लाखाची. हॉलमध्ये तर कुणाला संशय यायचं कारणच नव्हतं, कारण तिथे सगळेच हातांनी बोलतात. जगात जिथे बहिऱ्याला बहिरं वाटत नाही अशी एकच जागा त्यांना सापडली होती, आणि तिथेच ते कानाचे राजे होते.

मग कौल कसा द्यायचे? बोटांनी. काठी धरली की तिची थरथर बोटांना कळते. जुन्या यंत्रांची थरथर त्यांना आपल्या नाडीसारखी पाठ होती, त्यामुळे तेवढ्यावर निभावून गेलं. हे त्यांनी मला पुढे सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता.

धरणाचं नूतनीकरण निघालं तेव्हा हे निभावणं संपलं. भिंतीला भोकं पाडून आत सिमेंट भरलं, दारं बदलली, आणि थोरली आख्खी उघडली. तिचं आतलं चाक नवं, बेअरिंग नवं, जुनं म्हणाल तर बाहेरचं कवच तेवढं. ते चाक मीच उचलून आत सोडलं. कामावर नव्या इंजिनिअर मॅडम आल्या होत्या. वयाने लहान, बोलायला मऊ आणि जुन्या माणसांबद्दल मनापासून आदर. फोरमनने त्यांना कौलाचा रिवाज सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या की मग कानसेनांना बोलवायलाच हवं.

फिरवायच्या दिवशी माझा नवरा खाली होता. तो फिटर. यंत्राच्या मोठ्या फिरत्या भागाखाली ब्रेक असतात. हवेच्या दाबाने त्यांचे ठोकळे वर येऊन चाकाला टेकतात आणि यंत्र थांबतं. यंत्र सुरू करण्यापूर्वी सगळे ठोकळे खाली बसलेत ना, हे बघायचं काम फोरमनचं. हवेची चावी नवऱ्याच्या ताब्यात, आणि वेग वाढताना खाली उभं राहून तेल गळतंय का ते बघायचं कामही त्याचंच.

थोरली हळू फिरायला लागली. सासऱ्यांनी काठी टेकवली, डोळे मिटले. सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता. मीही वरून बघत होते. त्यांनी काठीची जागा बदलली, पुन्हा डोळे मिटले. मग काठी काखेत धरून त्यांनी एका तळव्यावरून दुसरा तळवा फिरवला. साफ.

खाली ब्रेकजवळ नवऱ्याने ती खूण पाहिली. त्याने मान हलवली आणि तो फिरत्या भागाखाली शिरला.

वेग वाढला आणि धूर निघाला. एक ठोकळा खाली बसलाच नव्हता. तो पहिल्या फेरीपासून घासत होता. मॅडमनी यंत्र बंद करायला लावलं, पण तोवर नवऱ्याने तो तापलेला ठोकळा हाताने खाली ढकलायचा प्रयत्न केला होता. तो वर आला तेव्हा उजवा तळवा डाव्या हातात धरून आला. मी क्रेनच्या शिडीवरून कशी उतरले ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. चौकशी कसली, हॉलच्या कडेला चार खुर्च्या. फोरमनचं म्हणणं अगदी सरळ होतं. हळू फेरीत कानसेनांनी साफ सांगितलं, म्हणजे तेव्हा ठोकळा घासत नव्हता. म्हणजे तो नंतर वर आला. नंतर वर आला म्हणजे कुणीतरी हवेची चावी फिरवली. चावी कुणाकडे होती ते सगळ्यांना माहीत आहे. मॅडमनी नवऱ्याला विचारलं की चावीला हात लागला होता का. तो नाही म्हणाला. मग ठोकळा घासला कसा, असं त्यांनी विचारलं. त्याने एकदाच बापाकडे बघितलं आणि मान खाली घातली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी स्वतःच गळा पुढे करून उभा.

सासरे तिथेच होते, धुतलेल्या सदऱ्यात. किती ऐकू आलं असेल माहीत नाही, पण चेहरे वाचता येतात की माणसाला. ते काठीच्या बोंडावरून अंगठा फिरवत राहिले.

नवऱ्याला यंत्रांवरून काढलं आणि वर धरणाच्या माथ्यावर दारांच्या चौकीत बसवलं. तिथे दिवसभर पाणी बघत बसायचं, दुसरं काही नाही. ज्याला कामात जमत नाही त्याला तिथे पाठवतात, हे वसाहतीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. फिटरच्या हाताला पट्टी आणि कपाळाला हा शिक्का. मला रस्त्याने चालताना वाटायचं की सगळे आपल्याकडेच बघताहेत. दळणाच्या गिरणीत बायका मी आले की विषय बदलायच्या.

घरी मी भांडले. नवऱ्याशी, कारण सासऱ्यांशी भांडायचं तर भिंतीपलीकडे शेजारणीला आयतं मिळालं असतं. मी उद्या मॅडमना सांगते म्हणाले. तो पट्टीच्या हाताने ताट बाजूला सारत हळूच म्हणाला, "बाबांचं तेवढंच उरलंय. ते नको काढून घेऊस."

"आणि तुझं?" मी विचारलं.

"माझे हात आहेत अजून," तो म्हणाला. असल्या माणसाचं काय करायचं? मीही गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याची लाज मला भाकरीच्या घासाबरोबर गिळावी लागायची.

 सासऱ्यांनी रेडिओ लावणं बंद केलं. एकदा मी पट्टी बदलत होते तेव्हा ते दारात येऊन उभे राहिले. नवऱ्याचा तळवा उघडा होता, सोललेला, लाल. त्याने झटकन मूठ मिटायचा प्रयत्न केला आणि कळवळला. सासरे मागे फिरले. संध्याकाळी ते माझ्याशेजारी येऊन बसले आणि तेव्हाच त्यांनी ते बोटांचं सांगितलं. म्हणाले, नवी थोरली माझ्या बोटांना ओळखीची नव्हती. काही लागलं नाही. मग काही नाही म्हणजे साफच असणार, असं धरलं. मी ओरडून विचारलं की मग मूठ का नाही वर केली. ते म्हणाले, "सगळे बघत होते गं." एवढंच. त्यात सगळं आलं.

ब्रेक दुरुस्त झाले आणि थोरली पुन्हा फिरवायचा दिवस ठरला. पुन्हा बोलावणं आलं. मी नवऱ्याला म्हटलं, आता हे जाणार नाहीत. पण ते उठले, सदरा घातला, आणि काठी घेऊन निघाले. नवऱ्याने चौकीवरून रजा काढली आणि तो त्यांच्यासोबत आला. हॉलच्या दाराशी थांबला. आत यायला त्याला कुणी मनाई केली नव्हती, पण पाय उचलत नव्हता त्याचा. मी वर जाऊन बसले.

थोरली हळू फिरू लागली. सासऱ्यांनी काठी टेकवली. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. ते दाराकडे बघत होते.  सगळे त्यांच्या हातांची वाट बघत होते, आणि हात हलत नव्हते. शेवटी त्यांनी मूठ वर केली.

मॅडमनी लगेच पाणी तोडलं. एवढं मोठं यंत्र एका दमात थांबत नाही. ते मंद होत गेलं, मधली आणि धाकटी नूतनीकरणासाठी आधीच बंद होत्या, त्यामुळे घोंगाट उतरत गेला, आणि हॉलमध्ये कधी नसते तशी शांतता झाली. माझ्या काचेच्या खोलीतही खालचं बोलणं ऐकू येईल अशी. मॅडम जवळ आल्या आणि काय घासतंय म्हणून विचारू लागल्या.

"मला ऐकू येत नाही," सासरे म्हणाले. बहिरा माणूस बोलतो तसं, गरजेपेक्षा मोठ्याने. भिंतींवरून आवाज परत आला. "आज येत नाही आणि त्या दिवशीही आलं नव्हतं. ठोकळा पहिल्यापासून घासत होता. पोराने चावीला हात लावलेला नाही."

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. पण मी बाकीच्यांकडे बघत होते, आणि जे दिसलं ते मला आजही विसरता येत नाही. कुणालाच आश्चर्य वाटलेलं नव्हतं. एकाने चष्मा काढून पुसायला घेतला. दुसरा पान्यावरचं तेल निरखू लागला. फोरमन स्वतःच्या बुटांकडे बघत होता. त्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना, कधीपासूनचं. आम्ही घरात मूठ झाकून बसलो होतो आणि इथे प्रत्येकाने ती उघडून बघितलेली होती. लहान मुलाला खोटं स्टिअरिंग फिरवू द्यावं तसा ते त्यांच्याकडून कौल घेत होते, आणि स्वतःवर बेतलं तेव्हा फोरमनने त्याच कौलाची ढाल करून माझ्या नवऱ्याला पुढे केलं. तेरी भी चुप, मेरी भी चुप.

हे सासऱ्यांनीही वाचलं. चेहरे वाचण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ते एकेकाकडे बघत गेले आणि प्रत्येक नजर खाली गेली. मला वाटलं आता हे कोसळणार. मॅडमनी फोरमनला बाजूला बोलावलं, नवऱ्याला हात करून आत यायला सांगितलं, आज खाली ब्रेकवर तुम्हीच उभे राहा असं काहीतरी म्हणाल्या. नवरा आत आला. तो मॅडमकडे गेला नाही, बापासमोर जाऊन उभा राहिला.

सासऱ्यांनी त्याला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

त्याने मान हलवली.

"मला ऐकू येत नाही हे माहीत होतं, मग खाली का शिरलास?"

आता हा हळू बोलणारा माणूस. त्याचं उत्तर त्यांना पोचवायचं तर मला वरून ओरडावं लागलं असतं, आणि मी उठलेही होते. पण तो बोललाच नाही. त्याने डाव्या हाताने बापाकडे बोट दाखवलं. मग उजवा, पट्टी बांधलेला तळवा समोर धरला आणि त्यावरून डावा तळवा सावकाश पुसल्यासारखा फिरवला.

तुम्ही साफ म्हणालात.

सासऱ्यांनी हातातली काठी खाली टाकली. दोन्ही हात वर उचलले आणि ते तसेच हवेत थांबले. हॉलच्या भाषेत थांब आहे, उचल आहे, सोड आहे, साफ आहे. त्यांना जे म्हणायचं होतं त्याला आमच्याकडे खूण नाही. कुणाला कधी लागलीच नव्हती. ते हात तसेच धरून उभे राहिले, आणि खाली एवढी माणसं असून एकाचीही नजर त्या हातांकडे वर उठत नव्हती.